चावीवाल्या मामांची फेरी

तीस वर्षं मी मुलांना भूगोल शिकवला. भिंतीवरच्या नकाशावर छडी टेकवून ‘हे दौंड, इथे रेल्वेला फाटे फुटतात’ असं किती वर्गांना सांगितलं असेल, त्याची गणती नाही. मी स्वतः मात्र दौंड पाहिलं ते नेहमी गाडीच्या खिडकीतून, हातात चहाचा कप धरून. पायी पाहिलं ते निवृत्तीनंतर चौथ्या वर्षी, या जानेवारीत. आणि तेसुद्धा गाव नाही, गावाबाहेरची मोडकीतोडकी रेल्वे.

आमचा शिरूर तालुका मोठा, कारखाने भरपूर, पण रूळ औषधालाही नाही. त्यामुळे केंदूरच्या माणसाला रेल्वेचं अप्रूप असतंच. आमच्या ह्यांना मात्र नाही. “मोडके रूळ बघायला एवढ्या लांब कशाला जातेस? भंगारवाल्याकडे जा, जवळ पडेल,” असं म्हणून ते शेवंतीच्या तोड्याला निघून गेले. मला बरंच वाटलं. ते बरोबर असले की वाटेतल्या प्रत्येक शेताला नावं ठेवतात आणि चालणं राहतं बाजूला.

फेरी अगदी सोपी आहे. सहा-सात किलोमीटरची, जिथून निघायचं तिथेच परत यायचं. चढ असा एकच, तोही शेवटी रेल्वेवरच्या पुलाचा. साडी नेसून आणि साध्या चपला घालून मी ती केली. चपलांचं काय झालं ते पुढे येईल.

शनिवार, दौंड

शमीम माझ्या शाळेत सहा वर्षं शिक्षिका होती. मग बदली मागून ती दौंडला वडिलांजवळ राहायला गेली. वडील म्हणजे इस्माईलमामा, पंच्याहत्तरीचे, काटक, रेल्वेतून चावीवाला म्हणून निवृत्त झालेले. रूळ आणि त्याखालचं आडवं स्लीपर एकमेकांना घट्ट धरून ठेवणाऱ्या लोखंडी पाचरीला चावी म्हणतात. खांद्यावर हातोडा टाकून रोज ठरलेल्या पट्ट्यावर चालायचं, एकेक चावी बघायची, ढिली दिसली की ठोकायची, पट्टा संपला की दुसऱ्या बाजूनं बघत परत यायचं. त्या पट्ट्याला बीट म्हणतात. नोकरी संपली तशी मामांनी स्वतःसाठी एक नवं बीट शोधून काढलं. खडीच्या खाणीसाठी टाकलेल्या, आता बंद पडलेल्या सायडिंगवरून, म्हणजे बाजूच्या फाट्यावरून जायचं, जुन्या फाटकापाशी मेन लाइन ओलांडायची, पलीकडच्या मळ्यांतून गुऱ्हाळावर जायचं आणि पुलावरून घरी. ऊन असो, थंडी असो, रोज.

त्यांच्या घरात शिरल्यावर पहिल्यांदा लक्षात आलं ते हे, की दौंडची बाई घड्याळ बघत नाही. “सोलापूरची गेली, आता भात लावते,” शमीम सहज म्हणाली. आमच्याकडे वेळ चालते ती थ्री-फेज लाइटवर. लाइट आली की माणसं मोटार सुरू करायला पळतात, गेली की जेवायला बसतात. गाडीला उशीर झाला तर दौंडचा भातही उशिरा होतो का, हे विचारायचं माझं राहून गेलं.

जेवायला बाजरीची भाकरी, अंड्याचा रस्सा आणि फोडलेला कांदा होता. भाकरी आमच्यापेक्षा पातळ, रस्सा आमच्यापेक्षा तिखट. शमीम म्हणाली, “काकवी असती तर तुम्हाला दिली असती, बाई. अब्बा फेरीवरून आणायचे. पण दिवाळीपासून ते गुऱ्हाळच बंद पडलंय.”

मामा खाली मान घालून भाकरी कुस्करत होते. मला वाटलं, त्यांना ऐकू आलं नसेल. समोर बसून मोठ्यानं बोललं तर त्यांना कळतं, पाठीमागचं काही कळत नाही. कानाचं मशीन आहे, ते डबीत असतं. “वाऱ्यानं त्याच्यात शिट्टी वाजती,” त्यांनी मला सांगितलं. “शिट्टी वाजली की मी इंजिन हुडकाया लागतो.”

भांडी घासताना शमीमनं मनातलं काढलं. “बाई, तुम्हाला फिरायला म्हणून बोलावलं, पण माझं एक काम आहे. ज्या माणसाला मागून आलेली रिक्षा कळत नाही, तो रोज एकटा मेन लाइन ओलांडतो. मी बरोबर येते म्हटलं की भांडतात. भाऊ रोज फोन करतो, त्यांना वाघोलीला पाठव म्हणून. त्याचा फ्लॅट सातव्या मजल्यावर आहे. तिथे ते काय करतील? पण इथे एक दिवस काही झालं तर मी काय करू? तुम्ही उद्या त्यांच्याबरोबर जा. डोळ्यांनी बघा. तुम्ही चालू दे म्हणालात तर चालू दे. नको म्हणालात तर परवा भाऊ येऊन घेऊन जाईल.”

शाळेत मी मुलांना पास-नापास केलं, त्याचं कधी ओझं वाटलं नाही. पंच्याहत्तर वर्षांच्या माणसाचं चालणं माझ्या शेऱ्यावर राहील, असं काही वाटलं नव्हतं. मी “बघते” म्हणाले आणि तवा घासत राहिले.

रविवार, सायडिंग

सकाळी बेकरीतली खारी आणि चहा. आमच्याकडे सकाळी शिळी भाकरी आणि चटणी खाल्ल्याशिवाय कुणी दारातून हलत नाही. रेल्वेच्या गावात बेकरीला मान. मी चार खाऱ्या खाल्ल्या, पदरावर भुगा सांडला आणि आम्ही निघालो. मामांच्या हातात वेताची नव्हे, बुडाला लोखंडी वळं बसवलेली काठी होती.

वस्ती संपते तिथे सायडिंग सुरू होते. सुरुवातीलाच पाण्याचा खांब उभा आहे. वाफेच्या इंजिनांना पाणी देणारा हा लोखंडी खांब, त्याला वरून आडवी सोंड. सोंडेतून आता पाणी येत नाही. तिला दोरी बांधून कुणीतरी गोधडी वाळत घातली होती. जवळच राखेचे जुने ढीग आहेत, इंजिनातून काढलेल्या राखेचे. त्यांवर सीताफळाची झाडं उगवली आहेत. मामा म्हणाले, “हितली सीताफळं लई ग्वाड. कोळशाचं खत हाय त्येंस्नी.” खरं-खोटं सीताफळाच्या दिवसांत जाऊन बघावं लागेल.

पुढे रूळ वेड्या बाभळींत शिरतात, पण मधली वाट मोकळी आहे, कारण मामा ती मोकळी ठेवतात. स्लीपरवरून चालणं मला काही केल्या जमेना. एकेक स्लीपर घ्यावं तर पाऊल आखडतं, दोन घ्यावीत तर उडी पडते. मामा मात्र एका लयीत चालले होते. मग माझ्या ध्यानात आलं, ते काल घरातही असेच चालत होते, आखूड, मोजून ठेवलेल्या पावलांनी. नोकरीच्या चौतीस वर्षांत पाऊल स्लीपरएवढं झालं, ते आता फरशीवरही तेवढंच पडतं.

दर चार पावलांवर काठीचं वळं चावीवर टेकत होतं. मी मोठ्यानं विचारलं, “मामा, तुम्हाला आवाज तर येत नाही, मग कळतं कसं?”

“आवाज हातात येतो, बाई. घट्ट असली तर काठी उलटी उडती. ढिल्ली असली तर गप बसती.” एका ठिकाणी काठी गप बसली. मामा वाकले, बाजूचा दगड उचलला आणि तीन ठोके घालून चावी बसवली.

“अहो, पण इथून आता गाडी जात नाही.”

“गाडी जात न्हाई. मी तर जातो की.”

काठी मागून घेऊन मी पुढच्या दोन चाव्या स्वतः तपासल्या. दोन्ही मला घट्ट वाटल्या. मामांनी दुसरी पुन्हा ठोकली.

खडीची खाण मध्यावर आहे. ज्या खडीवर अख्खी लाइन बसली, ती इथून फोडून नेली असं मामा सांगतात. आता खाणीत हिरवंगार पाणी साचलंय, कडेला खडी फोडणाऱ्या मशीनचे सिमेंटचे चौथरे उरलेत आणि एका चौथऱ्यावर खंड्या पक्षी बसला होता. शेजारी चुन्याची भट्टी. जमिनीच्या वर बांधलेल्या विहिरीसारखी दिसते. आत डोकावले तर पिंपळाचं झाड उगवून वर आलेलं. तिथे बसून आम्ही भाजलेले शेंगदाणे खाल्ले. माळावर कोवळं ऊन होतं, लांबून उसाच्या पाल्याचा वास येत होता आणि खरं सांगायचं तर मी शमीमचं काम पार विसरून गेले होते. इतकं निवांत मला कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं.

जुनं फाटक

सायडिंग संपते तिथे मेन लाइन आडवी येते. पूर्वी इथे फाटक होतं. आता फाटकवाल्याची खोली उरली आहे, छप्पर नसलेली, पुढे दगडी वट्टा. फाटक बंद करून लाइनीखालून रस्ता काढलाय, पण शेजारच्या उसाचं पाणी पाझरून त्यात गुडघाभर साचतं. त्यात उतरलं तर बेडकांशी ओळख होते. म्हणून माणसं वरून ओलांडतात. तुम्ही गेलात तर ओलांडू नका, वट्ट्यावरून माघारी फिरा आणि गुऱ्हाळाला पुलावरून जा. हे मी शहाणपणानं सांगत नाही, घडलं ते आठवून सांगते.

मामा वट्ट्यापाशी थांबले. दोन्ही बाजूंना बराच वेळ बघितलं. एकदा माझ्याकडे बघितलं, पुन्हा लाइनीकडे. मग म्हणाले, “चला. ओलांडू आज.”

आम्ही रुळांजवळ आलो तर मालगाडी येताना दिसली. थांबलो. मामांनी टोपी सारखी केली, ताठ उभे राहिले आणि गार्डचा डबा येईपर्यंत हात आडवा धरला. गार्डनं पण हात केला. डबे मोजायची माझी लहानपणची हौस, मी अठ्ठावन्नपर्यंत मोजले. शेवटचा डबा गेला, खडखडाट लांब जाऊ लागला आणि मी पदर खोचून पाऊल पुढे टाकलं.

मामांनी माझं मनगट धरलं आणि मागे खेचलं. इतक्या जोरात, की मी खडीवर बसलेच. एक चप्पल पुढे राहिली. पुढच्या क्षणी पलीकडच्या रुळावरून उलट्या दिशेनं विजेवरची गाडी सुळकन निघून गेली. मालगाडीच्या आवाजात तिचा आवाज मला आलाच नव्हता. माझे दोन्ही कान शाबूत होते आणि दोन्ही मालगाडीनं भरलेले होते. मामांचे कान रिकामे, म्हणून ते मालगाडी जाताच पलीकडे बघत होते. आयुष्यभराची ती शिस्त, एक गाडी गेली की दुसरीची वाट बघायची.

  शेंगदाण्याची पुडी खडीत सांडली होती. मामांनी चप्पल आणून दिली, अंगठा तुटलेली. ते घामाघूम झाले होते.

“तुमच्या कानाच्या भरवशावर आलो व्हतो मी,” ते एवढंच म्हणाले.

तेव्हा मला त्याचा अर्थ कळला नाही. मी सॉरी म्हणाले, आणि बराच वेळ थांबून, दोन्हीकडे बघून, एकमेकांचा हात धरून आम्ही लाइन ओलांडली.

गुऱ्हाळ

चप्पल सुतळीनं बांधून मी लंगडत मळ्यांतून चालले होते. ऊस तोडलेल्या रानात बगळे उतरले होते, पाटाला पाणी होतं. आमच्याकडे जानेवारीत पाटाला नुसती आठवण असते. मला हेवा वाटला, तो मी इथे कबूल करून टाकते. तेवढ्यात समोर धूर दिसला. गुऱ्हाळाचं धुराडं मस्त धूर सोडत होतं आणि चिपाडांचे ढीग वाळत पडले होते. बंद पडलेलं गुऱ्हाळ असं दिसत नाही.

दारात किसनआप्पा भेटले. हे तिथले गुळवे, म्हणजे पाक कधी उतरवायचा ते ठरवणारे. मामांना बघून त्यांनी हातातलं फावडं खाली ठेवलं.

“आरं मामा! दिवाळीपास्नं कुठं गडप झालता? आम्हाला वाटलं, पोरानं नेलं वाघुलीला.”

मामांनी माझ्याकडे बघितलं आणि नजर काढून घेतली. तीस वर्षं मी गृहपाठ न केलेल्या मुलांचे चेहरे बघितलेत. वय कितीही असो, चेहरा तोच.

पण गुऱ्हाळावर आल्यावर आधी खायचं, मग बोलायचं. हा तिथला रिवाज. कोण, कुठला हे न विचारता हातात रसाचा तांब्या येतो. मग चिपाडाच्या टोकावर गुंडाळलेला गरम गूळ. चुलवणाच्या तोंडावर जुने रूळ आडवे टाकून त्यावर कढई ठेवलेली होती. “चोरीचं न्हाईत, मामांनी सांगून रेल्वेकडनं रीतसर घेतल्यात,” आप्पा म्हणाले. त्यांनी पाकाचा थेंब पाण्यात सोडला, बोटांत त्याची गोळी वळली आणि कढईच्या काठावर मारली. टक्‌ असा आवाज आला. “झाला,” म्हणून ते गड्यांना हाक मारायला गेले.

तेवढ्यात मामा बोलले. मी काही विचारलं नव्हतं.

“दिवाळीच्या आधी एकदा अशीच दुसरी गाडी आली. हितनं हितवर व्हती,” त्यांनी हातानं अंतर दाखवलं. “मी पलीकडं बघाया चुकलो, मला कळलीच न्हाई. तवापास्नं मी वलांडत न्हाई, बाई. वट्ट्यावर बसतो. गाड्यांना हात करतो. आन् आलो तसा माघारी जातो. घरी सांगितलं, गुऱ्हाळ बंद पडलं.”

“आणि आज?”

“आज तुम्ही संगं व्हता. म्हटलं, चार कान हायती. एकदा पुरी फेरी हुईल.”

मला हसू आलं आणि लाजही वाटली. त्यांनी उसने घेतलेले कान ऐन वेळी कुचकामी निघाले होते.

“शमीमला सांगू नका,” ते म्हणाले. “लाइनीला भ्यालो म्हंजी मग काय राहिलं?”

किसनआप्पांनी काकवीची बाटली भरून आणली. मामा नको नको म्हणाले. घरी गुऱ्हाळ बंद आहे, काकवी कशी न्यायची? आप्पांना यातलं काही ठाऊक नव्हतं. गुऱ्हाळावरून माणूस रिकाम्या हातानं गेला तर त्यांना वाईट वाटतं. त्यांनी बाटली सरळ माझ्या पिशवीत घातली.

परतीची वाट पाटाच्या कडेनं आणि मग पुलावरून. पुलाचा चढ मामा दोनदा थांबून चढले. वरून खाली सगळे फाटे दिसत होते, नकाशात दाखवतात तसेच, पण नकाशात गोधडी आणि बगळे नसतात. मी मनातल्या मनात शमीमला द्यायचं उत्तर जुळवत होते. मामा सुरक्षित आहेत हे आता मला पक्कं माहीत होतं. फक्त त्याचं कारण सांगायची चोरी होती.

दुपार

शमीमनं ताटं मांडली होती. मी पिशवी खुंटीला अडकवली आणि हात धुऊन बसले.

“सांगा बाई,” ती म्हणाली. मामांच्या देखतच, कारण हळू बोललेलं त्यांना कळत नव्हतं.

मला वाटलं, मामांचं कौतुक सांगावं, तेवढं पुरेल. म्हणून मी फाटकापाशी घडलं ते सगळं सांगितलं. मी कशी निघाले, त्यांनी कसं ओढलं, ते नसते तर आज मी जेवायला नसते. 

शमीमचा चेहरा पांढरा पडला. “म्हणजे तुमच्यासारख्या बाईला, चांगलं ऐकू येणाऱ्या बाईला कळलं नाही. आणि हे रोज एकटे ओलांडतात.” तिनं वाढायचा डाव खाली ठेवला. “ठरलं मग. मी भावाला फोन करते.”

 मामांना वाचवायला गेले आणि मीच त्यांना सातव्या मजल्यावर नेऊन ठेवलं. मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांना शब्द ऐकू आले नव्हते, पण मुलीचा चेहरा आणि फोन त्यांना दिसत होता.

ते उठले. त्याच आखूड पावलांनी खुंटीपाशी गेले, माझ्या पिशवीत हात घातला आणि काकवीची बाटली आणून ताटाशेजारी ठेवली.

“गुऱ्हाळ चालू हाय,” मामा म्हणाले. “बंद न्हाई पडलं. मीच जात न्हाई.”

शमीम बाटलीकडे बघत राहिली.

“कधीपासून?” तिनं मोठ्यानं विचारलं.

“दिवाळीपास्नं. भ्या वाटतं मला. वट्ट्यावरनं माघारी फिरतो.” मग माझ्याकडे बोट करून म्हणाले, “आज ह्या व्हत्या म्हणून वलांडलं. आन् ह्येंनाच सांभाळावं लागलं.”

फोन तिच्या हातात होता, तो तिनं तसाच पालथा ठेवला.  मग तिनं बाटलीचं बूच काढलं, वडिलांच्या भाकरीवर काकवी ओतली, माझ्या ताटात ओतली आणि पदरानं डोळे पुसले. मला खूप बरं वाटलं. माझा शेरा आता कुणी मागणार नव्हतं.

“रोज वट्ट्यापर्यंत,” ती एकेक शब्द सुटा करून म्हणाली. “तिथून माघारी. आणि रविवारी मी येणार. तेव्हा पुलावरून गुऱ्हाळावर जाऊ. लाइन ओलांडायची नाही.”

मामांनी भाकरीचा घास मोडला. “तुला चालाया येतं का स्लीपरवरनं?”

“शिकवा.”

त्यांनी विचार केला. नव्या माणसाला बिटावर घ्यावं की नाही, असा तो विचार असावा.

“सहाला निघायचं,” ते म्हणाले. “सहा म्हंजी सहा. मी कुणासाठी थांबत न्हाई.”

“थांबाल,” शमीम म्हणाली. पण हळू, त्यामुळे ते त्यांना ऐकू आलं नाही.